प्रथमोपचाराची उजळणी : मुदत संपलेल्या प्रमाणपत्राविषयी चार शब्द

(श्रीक्षेत्र नरसिंहपूर येथे आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



श्रीलक्ष्मीनृसिंहाच्या या क्षेत्रात आपण दरवर्षी जमतो, कुलदैवताचे दर्शन घेतो, गुणवंत मुलामुलींचे कौतुक करतो आणि परत आपापल्या गावी जातो. या मेळाव्यात विवाहजुळणी, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह या तीन विषयांवर पुष्कळ बोलणे होते व ते होणे योग्यच आहे. यंदा चिटणीसांनी आमच्याकडे एक निराळाच विषय सोपविला. गेल्या वर्षभरात आपल्या चार-पाच कुटुंबांतून एकाच जातीची विचारणा संस्थेकडे आली. कोणी प्रथमोपचाराची परीक्षा उत्तीर्ण झालेला, कोणी रुग्णवाहिकेवर सहायकाचे शिक्षण घेतलेली, कोणी परिचारिका. आणि प्रत्येकाचा प्रश्न हाच की, ‘आमच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे, ते परत मिळेल काय, आणि मिळविण्यात अर्थ आहे काय?’ निवृत्त शिक्षकास छापील अर्ज वाचता येतात असा लोकांचा समज असल्यामुळे हे प्रश्न फिरत फिरत आमच्यापर्यंत आले. त्यांचे उत्तर शोधताना जे समजले, ते आपल्यापुढे मांडावे एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम हा विषय या स्थळी का, ते सांगतो. नरसिंहपूर हे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडील टोक. पश्चिमेकडून नीरा येते, उत्तरेकडून भीमा येते, आणि दोघी येथे भेटून पुढे पंढरीकडे जातात. पलीकडच्या काठांवर सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस आणि माढा हे तालुके. संगमामुळे या क्षेत्राला जे माहात्म्य आले, त्याच संगमामुळे येथे धोकाही आहे. भीमेवर वरच्या अंगास उजनीचे धरण आहे, नीरेवर वीरचे. पावसाळ्यात दोन्हीकडून पाणी सुटले म्हणजे घाटाच्या पायऱ्या पाहता पाहता दिसेनाशा होतात. आपली नृसिंहजयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीची, म्हणजे ऐन उन्हाळ्याची. वृद्ध माणसे उपवास करून उन्हात रांगेत उभी राहतात. आषाढात श्रीतुकोबारायांची पालखी याच तालुक्यातून, सराटीच्या बाजूने नीरा ओलांडून अकलूजकडे जाते. चहूकडे उसाचे मळे, आणि मळ्यात साप आहेत. तारीख २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून आपल्या इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जीव गेले, हे कोणी विसरलेले नाही. येथून इंदापूर, अकलूज, टेंभुर्णी कोठेही जावयाचे म्हटले तरी वाटेत वेळ जातोच. रुग्णवाहिका येईपर्यंतचा जो वेळ, तो ज्याच्या हाती असेल त्याने सांभाळावयाचा असतो. तेव्हा आपल्या घराघरांत शिकलेला हात असणे ही येथे हौसेची गोष्ट नसून गरजेची गोष्ट आहे.

आता प्रमाणपत्रांचे प्रकार पाहू. सर्वांत परिचित म्हणजे सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्थेचे प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र. ही संस्था १८७७ साली इंग्लंडात निघाली आणि पुढे आपल्या देशातही तिचे कार्य पसरले. एस. टी.च्या कंडक्टरचा परवाना व बिल्ला काढावयास गेलेल्या आपल्या मुलांनी हे प्रमाणपत्र पाहिलेले असते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४५ व्या कलमाने दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचाराची पेटी आणि ती सांभाळणारा प्रमाणपत्रधारी इसम अशी तरतूद घातली. त्यामुळे भवानीनगरच्या साखर कारखान्यापासून बारामतीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत कित्येकांनी हा अभ्यास केला. या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. दुसरा प्रकार इस्पितळातील. हृदय बंद पडलेल्या माणसास जगविण्याच्या प्राथमिक शिक्षणाचे, अमेरिकन हार्ट असोसिएशनचे म्हणून जे कार्ड परिचारिका व डॉक्टर जवळ बाळगतात, त्याची मुदत दोन वर्षांची. परिचारिकांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेतील नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. डॉक्टरांनाही आपल्या परिषदेकडे पाच वर्षांनी तेच करावे लागते.

तिसरा प्रकार रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञांचा, ज्यांना ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन’ म्हणतात. आपल्याकडे हा व्यवसाय नवा आहे. हैदराबाद येथे २००५ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली आणि तिच्या गाड्यांवर असे तंत्रज्ञ नेमले गेले. महाराष्ट्रात हीच सेवा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या. पैकी २३३ अधिक साधनसामग्रीच्या आणि ७०४ प्राथमिक साधनांच्या. आपल्या राज्याने गाडीवर डॉक्टर नेमण्याची पद्धत घातली, म्हणून तंत्रज्ञांना वाव मिळाला तो मुख्यतः खासगी इस्पितळे, कारखाने आणि खासगी रुग्णवाहिका येथे. पुढे संसदेने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा केला आणि त्याच्या अनुसूचीत या तंत्रज्ञांचे नाव घातले. म्हणजे काल ज्याला केवळ ‘गाडीवरचा माणूस’ म्हणत, त्याचा व्यवसाय आता कायद्याने ओळखला आहे. व्यवसाय ओळखला गेला की नोंदणी आली, नोंदणी आली की मुदत आली, आणि मुदत आली की ती टळलेल्यांचा प्रश्न आला. परदेशातही असेच आहे. अमेरिकेत या तंत्रज्ञांची राष्ट्रीय नोंदणी १९७० साली सुरू झाली. तेथे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि मुदत टळलेल्यास उजळणीचे शिक्षण घेऊन पुन्हा परीक्षेस बसावे लागते. त्यात कोणी अपमान मानीत नाही.

येथे एक आक्षेप हटकून निघतो. ‘मॅट्रिकची परीक्षा एकदा दिली ती जन्मभर पुरते, मग जखम बांधावयाची परीक्षा तीन वर्षांत शिळी कशी होते? हा पैसे उकळण्याचा प्रकार नव्हे काय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. मॅट्रिकचे प्रमाणपत्र सांगते की अमुक वर्षी अमुक माणसास एवढे येत होते. प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र सांगते की आज, या घटकेला, या माणसाच्या हाती दुसऱ्याचा जीव देण्यास हरकत नाही. पहिले भूतकाळाविषयी बोलते, दुसरे वर्तमानाविषयी. म्हणूनच पहिल्यास मुदत नाही व दुसऱ्यास आहे.

शिवाय हे शास्त्र स्वस्थ बसणारे नाही. बुडालेल्या माणसास श्वास देण्याचीच गोष्ट घ्या. विसाव्या शतकाच्या आरंभी शेफर नावाच्या शास्त्रज्ञाची रीत शिकवीत : रोग्यास पालथे घालून बरगड्यांवर दाब द्यावयाचा. १९३२ मध्ये होल्गर नील्सेन या डॅनिश गृहस्थांनी पाठ दाबून हात उचलण्याची रीत काढली व ती शाळाशाळांतून, बालवीरांच्या पथकांतून शिकविली जाई. १९५० नंतरच्या दशकात पीटर सफर आदी डॉक्टरांनी तोंडाने तोंडात श्वास देणे अधिक गुणकारी असल्याचे दाखविले. १९६० मध्ये बाल्टिमोर येथील संशोधकांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे प्रसिद्ध केले. त्यानंतरही पंधरा दाब व दोन श्वास असे प्रमाण होते, ते २००५ मध्ये तीस दाब व दोन श्वास असे झाले. २०१० मध्ये क्रमच बदलला आणि हृदय बंद पडलेल्या प्रौढ माणसाच्या बाबतीत प्रथम छातीवर दाब द्यावा असे ठरले. आज मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, आणि प्रौढाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतका जोर, असे शिकवितात. बुडालेल्याच्या बाबतीत मात्र श्वासाचे महत्त्व पूर्वीइतकेच आहे, कारण त्याला कमी पडलेली असते ती हवाच. पोट दाबून पाणी काढणे, उलटे टांगणे, खांद्यावर घेऊन गरगर फिरविणे या आपल्या घाटावरच्या रीतींनी मोलाची मिनिटे वाया जातात.

सर्पदंशाचेही तसेच. दंशाच्या जागी चीर द्यावी, रक्त चोखून टाकावे, वर आवळून दोरी बांधावी, असे एके काळी पुस्तकांतून छापलेले होते. आज या तिन्ही गोष्टी निषिद्ध आहेत. कारण चिरेने रक्तस्राव वाढतो, चोखल्याने विष निघत नाही, आणि घट्ट दोरीने अवयवच गमावण्याची पाळी येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या आपल्याकडील चार मुख्य विषारी सापांवर औषध एकच, ते म्हणजे इस्पितळातील प्रतिविष. म्हणून रोग्यास धीर द्यावा, चावलेला हातपाय फळी लावून हलू न देता ठेवावा, आणि देवऋषाच्या दारात न थांबता गाडीत घालावे. विंचवाची गोष्ट तर आपल्या महाराष्ट्रास भूषणावह आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणात विंचूदंशाने मुले दगावताना पाहिली, त्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाने त्यांतील पुष्कळ जीव वाचविता येतात हे जगास दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याने १९७५ साली प्रमाणपत्र घेतले आणि नंतर पुस्तक मिटले, त्याला यांपैकी काय ठाऊक असणार? त्याची बुद्धी कमी झाली असे नव्हे. त्याच्या पाठीमागे शास्त्र पुढे गेले.

तिसरे कारण हाताचे. ज्ञान डोक्यात राहते, पण कसब हातात राहते, आणि हात लवकर विसरतो. छाती दाबण्याचे कौशल्य सराव नसल्यास काही महिन्यांतच मंदावते असा अनुभव शिकविणारे सर्वत्र सांगतात. आपल्या जुन्या शाळांतून पाढ्यांना ‘उजळणी’ म्हणत, हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. तीसपर्यंतचे पाढे ज्याला येत, त्यालाही रोज सकाळी ते म्हणावे लागत. देवघरातील समई पितळेची असते, ती खोटी होत नाही. पण घासली नाही तर काळवंडते. प्रमाणपत्राचे नूतनीकरण म्हणजे याहून निराळे काही नाही.

आता ज्या प्रश्नावरून हा विषय निघाला, त्याकडे वळतो. आपल्यापैकी एका कुटुंबातील सूनबाई लग्नापूर्वी रुग्णवाहिकेवरील सहायकाचे शिक्षण घेऊन दोन वर्षे काम करीत होत्या. पुढे विवाह झाला, दोन बाळंतपणे झाली, सासूबाईंचे आजारपण निघाले आणि नोकरी सुटली. मुले शाळेत जाऊ लागल्यावर त्या एका इस्पितळात काम मागावयास गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, ‘बाई, तुमचा अनुभव चांगला, पण कागद मेलेला आहे.’ घरी परत आल्यावर त्यांच्या यजमानांनी म्हटले, ‘आता कशाला पुन्हा परीक्षा? घरी काय कमी आहे?’ हा प्रश्न प्रेमाने विचारलेला होता, यात शंका नाही. परंतु त्या बाईंनी आम्हास जे उत्तर सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. त्या म्हणाल्या, ‘गुरुजी, घरी काही कमी नाही, पण मला येत असलेली गोष्ट मला येत नाही असे कागद म्हणतो, ते सहन होत नाही.’

अशांनी काय करावे, ते क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे आपले प्रमाणपत्र नेमके कोणी दिले आणि त्याची मुदत केव्हा संपली, हे कागद काढून पाहावे. पुष्कळांनी तो कागद चौकटीत घालून भिंतीवर टांगलेला असतो व तारीख चौकटीखाली झाकलेली असते! दुसरी गोष्ट, ज्या संस्थेने ते दिले तिच्याकडेच प्रथम चौकशी करावी. मुदत नुकतीच टळली असेल तर कित्येकदा उजळणीच्या लहान वर्गावर भागते. फार वर्षे लोटली असतील तर अभ्यास पहिल्यापासून करण्याची मनाची तयारी ठेवावी. प्रथमोपचाराच्या बाबतीत तो काही दिवसांचा असतो, त्याचे भय बाळगू नये. तिसरी गोष्ट स्त्रियांसाठी विशेष महत्त्वाची. जुन्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव असते आणि आधार कार्डावर सासरचे. या एका फरकापायी अर्ज अडून पडतात. म्हणून विवाहनोंदणीचा दाखला आणि जरूर तर नाव बदलल्याचे राजपत्र आधीच काढून ठेवावे. चौथी गोष्ट, जेथे काम केले तेथील अनुभवाचा दाखला नोकरी सोडतानाच मागून घ्यावा. दहा वर्षांनी तो देणारा माणूस तेथे राहिलेला नसतो. पाचवी गोष्ट, ‘घरबसल्या प्रमाणपत्र मिळेल’ अशा जाहिरातींपासून सावध राहावे. ज्या परीक्षेत पुतळ्याच्या छातीवर हात ठेवावा लागत नाही, ती परीक्षा या विषयाची नव्हे.

एवढे झाल्यावर उरते ती लाज. चाळिशीतल्या माणसाने विशीतल्या पोरांबरोबर बाकावर बसावयाचे कसे, असे पुष्कळांच्या मनात येते. आम्ही आयुष्यभर शाळेत राहिलो, म्हणून याविषयी अधिकाराने बोलू शकतो. सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसलेली किती तरी मोठी माणसे आम्ही पाहिली; निकालाच्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लहान मुलांपेक्षा अधिक असे. आणि स्त्रियांविषयी म्हणाल, तर १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाचा इतिहास आठवा. श्रीमती रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तेथून स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास जाऊ लागल्या. पांढरपेशा घरातील बाईने परक्या रोग्यास हात लावावा, ही कल्पनाही त्या काळी लोकांस असह्य होती. त्यांत कित्येक विधवा होत्या, कित्येकींचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. त्या मोठ्या वयात शिकल्या, परीक्षेस बसल्या आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. त्यांना जी लाज आडवी आली नाही, ती आपल्या लेकीसुनांना शंभराहून अधिक वर्षांनी आडवी का यावी?

आणखी एक भीती आहे, ती कोर्टकचेरीची. अपघात झालेल्यास हात लावला तर पोलीस आपल्यालाच धरतील, ही समजूत खेड्यापाड्यांतून फार खोल गेली आहे. ती आता सोडून द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी परोपकारी साहाय्यकांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. रस्त्यावरील अपघातात जखमी झालेल्यास सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याने नाव सांगावे अशी सक्तीही करता येत नाही. हे संरक्षण प्रमाणपत्रधारकांपुरते नाही, ते सर्वांसाठी आहे. म्हणजे ज्याची मुदत संपली आहे त्यानेही समोर माणूस पडला असता स्वस्थ उभे राहू नये. प्रमाणपत्र नोकरीस लागते. मदतीस लागते ते धैर्य आणि थोडे शुद्ध ज्ञान.

आता शेवटी संस्थेपुढे आमच्या चार सूचना. एक, सभासद कुटुंबांत प्रथमोपचार, परिचर्या अथवा रुग्णवाहिकेचे शिक्षण घेतलेले कोण कोण आहेत आणि प्रत्येकाची मुदत केव्हा संपते, याची एक वही चिटणीसांनी ठेवावी. विवाहेच्छूंची वही आपण ठेवतोच. तिच्याशेजारी हीही ठेवावी. दोन, दरवर्षी चैत्रात, जयंतीच्या आधी, एक दिवस उजळणीचा वर्ग याच क्षेत्री घ्यावा. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील अध्यापकांना आदराने निमंत्रण द्यावे. वर्ग आपल्या ज्ञातीपुरता न ठेवता गावातील कोळीबांधव, नावाडी, पुजारी आणि शाळेचे शिक्षक यांना अगत्याने बोलवावे, कारण पाण्यात प्रथम उडी घेतो तो नावाडी, आणि बुडणाऱ्याची जात पाणी विचारीत नाही. तीन, घरसंसारामुळे ज्या भगिनींचे काम सुटले व ज्यांना ते पुन्हा धरावयाचे आहे, त्यांच्या परीक्षेचे शुल्क आपल्या शिक्षणनिधीतून अर्धे तरी द्यावे. पदवीधर मुलास आपण शिष्यवृत्ती देतो. दोन लेकरांची आई पुन्हा शिकू पाहते, तीही विद्यार्थिनीच आहे. चार, घाटावर एक मजबूत दोर, हवा भरलेल्या दोन ट्यूबा आणि प्रथमोपचाराची पेटी कायम ठेवावी, आणि पेटीतील औषधांचीही मुदत वर्षातून दोनदा पाहावी.

ज्या सूनबाईंचा उल्लेख केला, त्यांनी पुन्हा प्रवेश घेतला आहे, आणि त्यांचे यजमान आठवड्यातून दोन दिवस मुलांचा डबा स्वतः भरतात, असे कळते. परीक्षेचा निकाल अजून लागावयाचा आहे. चिटणीसांच्या वहीचे पहिले पान त्यांच्या नावाने सुरू व्हावे अशी आमची इच्छा आहे. खालच्या ओळी आपण भरावयाच्या आहेत. दुपारच्या महाप्रसादानंतर चिटणीस ओवरीत वही घेऊन बसणार आहेत. ज्यांच्याजवळ जुने प्रमाणपत्र असेल त्यांनी त्यावरील तारीख सांगावी, आणि ज्यांच्याजवळ नसेल त्यांनी चैत्रातील वर्गासाठी नाव द्यावे.